सर्व्हर ते सर्व्हर टीएलएस: होस्टनेमची पडताळणी चालू करण्याचा नेमका क्रम

दोन सर्व्हरमधली जोडणी टीएलएसवर (जोडणी एन्क्रिप्ट करणारा प्रोटोकॉल) चालते, सर्टिफिकेटवर सीएची (सर्टिफिकेटं देणाऱ्या यंत्रणेची) सही आहे, लॉगमध्ये ‘व्हेरिफाय ओके’ उमटतं. एवढं दिसलं की बहुतेक जण काम झालं असं धरून चालतात. पण पलीकडचा सर्व्हर आपल्याला हवा होता तोच आहे का, हे या सगळ्यात कुणी पाहिलेलंच नसतं. ब्राउझर हे काम न सांगता करतो. डेटाबेसचे क्लायंट, रिव्हर्स प्रॉक्सी (विनंत्या आतल्या सर्व्हरकडे पोचवणारा मधला सर्व्हर), मेल सर्व्हर यांतले बरेच जण सांगितल्याशिवाय करत नाहीत, आणि सांगायची रीत प्रत्येकाची निराळी.

खाली त्या कामाचा क्रम आहे. कमांड आणि सेटिंगची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती मूळ रोमन अक्षरांतच लिहायची.

आधी हा फरक पक्का करा

सर्टिफिकेट स्वीकारण्यापूर्वी क्लायंटनं दोन वेगवेगळे प्रश्न विचारायचे असतात. सही आपल्या विश्वासातल्या सीएपर्यंत पोचते का आणि मुदत शिल्लक आहे का, हा पहिला. मला ज्या नावाच्या सर्व्हरशी बोलायचं होतं ते नाव या सर्टिफिकेटमध्ये आहे का, हा दुसरा. पहिली साखळीची (सर्टिफिकेटपासून सीएपर्यंतच्या सह्यांची) तपासणी, दुसरी नावाची, म्हणजेच होस्टनेमची.

लेट्स एन्क्रिप्ट या सार्वजनिक सीएकडून कुणीही स्वतःच्या डोमेनसाठी फुकट सर्टिफिकेट घेऊ शकतो, आणि ते शंभर टक्के खरं असतं. तुमचा क्लायंट सार्वजनिक सीएंवर विश्वास ठेवत असेल पण नाव पाहत नसेल, तर वाटेत बसलेल्या माणसाचं तेच सर्टिफिकेट तो तुमच्या डेटाबेसचं म्हणून बिनतक्रार स्वीकारेल. स्वतःची खासगी सीए असेल तर धोका आकसतो, पण उरतोच: चाचणीसाठी उभं केलेलं एखादं दुर्लक्षित मशीन फुटलं की त्याच्या किल्लीवर कुणीही तुमचा मुख्य सर्व्हर असल्याची बतावणी करू शकतो. उलट बाजूनं, साखळी न तपासता नुसतं नाव पाहणं म्हणजे काहीच न पाहणं. सर्टिफिकेटवर हवं ते नाव घालणं कुणालाही जमतं.

टप्पा १: जोडण्यांची यादी करा

सेटिंगला हात लावण्याआधी एक तक्ता बनवा. जोडणी सुरू कोण करतो, कॉन्फिगमध्ये पत्ता म्हणून अक्षरशः काय लिहिलं आहे, कोणती लायब्ररी किंवा ड्रायव्हर आहे, टीएलएस कुठे संपतो, आणि आज कोणतं सर्टिफिकेट मिळतं, एवढे रकाने पुरतात.

‘अक्षरशः’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. कॉन्फिगमध्ये नुसतं ‘डीबी-१’ असेल आणि डीएनएस रिझॉल्व्हर (नावावरून आयपी पत्ता शोधणारा) सर्च डोमेन जोडून त्याचं ‘डीबी-१.कार्यालय.उदाहरण’ करत असेल, तरी क्लायंट तुलना करतो ती ‘डीबी-१’ या छोट्या नावाशीच. पत्ता सापडतो, जोडणी होते, आणि नावाची तपासणी चालू केल्याक्षणी सगळं थांबतं. यावर छोटं नाव सर्टिफिकेटमध्ये घालण्यापेक्षा कॉन्फिगमध्ये पूर्ण नाव लिहावं. पूर्ण नाव एकाच यंत्राकडे बोट दाखवतं. ‘डीबी-१’ प्रत्येक वातावरणात असतो.

मध्ये लोड बॅलन्सर (येणाऱ्या जोडण्या अनेक सर्व्हरवर वाटणारा) असेल तर तिथं एक जोडणी संपून दुसरी सुरू होते, म्हणून तक्त्यात दोन ओळी हव्यात. पहिली तपासली म्हणून दुसरी आपोआप तपासली जात नाही. गळती बहुतेक वेळा या दुसऱ्या ओळीतच सापडते.

*तपासा:* तक्त्यात पत्त्याच्या जागी आकडी आयपी किती ठिकाणी आहे? त्या ओळींवर खूण करा. टप्पा ३ मध्ये त्यांचं वेगळं काम आहे.

टप्पा २: कोणत्या नावाशी ताडायचं ते ठरवा

सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो. नियम एकच: ताडायचं नाव तुमच्या कॉन्फिगमधून, म्हणजे तुमच्या हेतूतून यायला हवं. नेटवर्कनं सुचवलेलं नाव धरायचं नाही. डीएनएसचं उत्तर वाटेत बदलता येतं, आणि नावाची तपासणी आहे ती नेमकी अशा बदलापासून वाचण्यासाठी.

सीनेम नोंद असेल, समजा ‘डेटा.कार्यालय.उदाहरण’ हे नाव ‘डीबी-१.कार्यालय.उदाहरण’कडे वळतं, तर ताडायचं ते ‘डेटा.कार्यालय.उदाहरण’ हेच. सीनेमच्या टोकाला काय निघालं याला तपासणीत स्थान नाही. रिव्हर्स डीएनएस तर मुळीच वापरू नका. आयपीवरून नाव शोधायचं आणि ते सर्टिफिकेटशी ताडायचं, असं लिहिलेला कोड दिसतो. त्यात हल्लेखोर स्वतःच्या आयपीचं नाव स्वतः सांगतो आणि आपण ते मान्य करतो.

एसआरव्ही नोंदींवर (सेवा कोणत्या यंत्रावर आहे ते सांगणाऱ्या डीएनएस नोंदी) चालणाऱ्या सेवांनाही हेच लागू. एक्सएमपीपी या चॅटच्या प्रोटोकॉलमध्ये एक सर्व्हर दुसऱ्याशी बोलतो तेव्हा सर्टिफिकेट डोमेनच्या नावाशी ताडलं जातं, एसआरव्ही नोंदीतून निघालेल्या यंत्राच्या नावाशी नाही. मेलची गोष्ट वेगळी आहे. तिथं सर्टिफिकेट एमएक्स यंत्राच्या (डोमेनची मेल घेणाऱ्या सर्व्हरच्या) नावाचं असतं आणि ते नाव डीएनएसमधूनच येतं, म्हणून त्या नावावर विश्वास ठेवायला स्वतंत्र आधार लागतो. तो आधार म्हणजे एमटीए-एसटीएस (मेल सर्व्हरची नावं एचटीटीपीएसवरून जाहीर करणारं धोरण; इंटरनेट मानकाचा दस्तऐवज आरएफसी ८४६१) किंवा डीएनएसएसईसीवर (सही केलेल्या डीएनएसवर) उभं असलेलं डेन (सर्टिफिकेटची माहिती डीएनएसमध्येच ठेवण्याची रीत; आरएफसी ७६७२). दोन्ही नसतील तर मेल सर्व्हरमधलं स्टार्टटीएलएस (साध्या जोडणीवर मागाहून चढवलेलं टीएलएस) फक्त चोरून ऐकणाऱ्याला अडवतं, मध्ये घुसणाऱ्याला नाही.

*सावध:* एसएनआय आणि नावाची तपासणी एक नाहीत. एसएनआय म्हणजे ‘मला अमुक नावाचं सर्टिफिकेट दाखव’ असं क्लायंटनं सर्व्हरला सांगणं. सर्व्हरनं खरंच ते दाखवलं का, हे पाहणं वेगळं. बऱ्याच लायब्ररींत दोन्हीसाठी वेगळी सेटिंग असतात आणि एकच लावून लोक थांबतात.

टप्पा ३: सर्टिफिकेटमध्ये योग्य नावं घाला

नाव ‘सब्जेक्ट अल्टरनेटिव्ह नेम’ या भागात हवं. बोलताना त्याला सॅन म्हणतात. कॉमन नेममध्ये (सर्टिफिकेटमधला नावाचा जुना रकाना) होस्टनेम लिहिण्याचा काळ गेला: क्रोमनं २०१७ मध्ये ५८व्या आवृत्तीत कॉमन नेम पाहणं सोडलं, गो भाषेनं १.१५मध्ये ते आपणहून पाहणं बंद केलं, आणि २०२३च्या आरएफसी ९५२५नं कॉमन नेम तपासणीतून वगळलं. मात्र सॅनमध्ये एकही डीएनएस नाव नसेल तर ओपनएसएसएल (टीएलएसची प्रचलित लायब्ररी) अजून कॉमन नेमकडे वळतं. त्यामुळे सॅन नसलेलं सर्टिफिकेट ओपनएसएसएलवरच्या क्लायंटला चालतं आणि गोमध्ये लिहिलेल्या क्लायंटला चालत नाही. ‘माझ्या मशीनवर तर चालतंय’ या वादामागे पुष्कळदा हेच निघतं.

सॅनमधल्या नोंदींना प्रकार असतात. होस्टनेम डीएनएस प्रकारात, आयपी आयपी प्रकारात. ‘१०.०.०.५’ हा पत्ता डीएनएस प्रकारात लिहिला तर डोळ्यांना बरोबर दिसतो, पण नीट वागणारा क्लायंट तो नाकारतो. माझं मत विचाराल तर सर्टिफिकेटमध्ये आयपी घालायचाच नाही. कॉन्फिगमध्ये नाव लिहा. यंत्र हललं की आयपी बदलतो, आणि मग नवं सर्टिफिकेट निघेपर्यंत कुणीतरी तपासणीच बंद करून ठेवतो.

वाइल्डकार्ड (नावाच्या जागी ‘*’) एकाच पातळीपुरतं चालतं. ‘*.कार्यालय.उदाहरण’मध्ये ‘डीबी-१.कार्यालय.उदाहरण’ बसतं, नुसतं ‘कार्यालय.उदाहरण’ बसत नाही, ‘डीबी-१.पुणे.कार्यालय.उदाहरण’ही बसत नाही. अंतर्गत सर्व्हरसाठी वाइल्डकार्ड टाळलेलं बरं. सगळ्या यंत्रांवर तेच सर्टिफिकेट असेल तर कोणतंही एक यंत्र बाकी सगळ्यांच्या नावानं बोलू शकतं, मग नाव तपासून साधतं काय?

नावाच्या शेवटी टिंब ठेवू नका. डीएनएसमध्ये ते रूढ आहे, सर्टिफिकेटमध्ये नाही. देवनागरी किंवा इतर लिपीतलं डोमेन असेल तर सर्टिफिकेटमध्ये त्याचं ‘एक्सएन--’नं सुरू होणारं रूप जातं. लहानमोठ्या रोमन अक्षरांनी फरक पडत नाही.

फक्त अंतर्गत नेटवर्कमध्येच चालणारी, कुणाच्याही मालकीची नसलेली नावं सार्वजनिक सीए सर्टिफिकेटमध्ये घालत नाहीत. त्यांच्यासाठी खासगी सीए लागेल, किंवा स्वतःच्या नोंदवलेल्या डोमेनखाली अंतर्गत नावं काढावी लागतील. दुसरा मार्ग पुढे जास्त सोयीचा पडतो.

*सावध:* सही करताना सॅन गळतं. विनंतीत, म्हणजे सीएसआरमध्ये, सॅन व्यवस्थित असतं. पण ओपनएसएसएलची ‘एक्स५०९ -रेक’ कमांड विनंतीतली एक्स्टेन्शन (सॅनसारखे जोडभाग) आपणहून उचलत नाही. ती एक्स्टेन्शनच्या फाइलमधून वेगळी द्यावी लागतात, किंवा ३.० पासून ‘कॉपी एक्स्टेन्शन्स’ हा पर्याय वापरावा लागतो. ‘सीए’ ही कमांडही मुळात काही उचलत नाही. म्हणून सीएसआर पाहून समाधान मानू नका.

*तपासा:* सही होऊन आलेली फाइल ‘ओपनएसएसएल एक्स५०९’ला द्या, ‘-एक्स्ट सब्जेक्टऑल्टनेम’ लावून नावं डोळ्यांनी वाचा, मग ‘-चेकहोस्ट’ पुढे टप्पा १ मधलं नाव देऊन ताडा. छापून आलेलं वाक्य वाचा, कमांड बिनएरर संपली यावर जाऊ नका.

टप्पा ४: आधी सर्व्हर, मग क्लायंट

क्रम उलटा झाला तर सेवा बंद पडते, आणि बंद पडली की पहिला बळी तपासणीचाच जातो. म्हणून क्रम असा:

१. सीएचं मूळ सर्टिफिकेट सगळ्या क्लायंटवर पोचवा.
२. नवी सर्टिफिकेटं सर्व्हरवर बसवा, मधल्या सीएच्या (मूळ सीए आणि तुमचं सर्टिफिकेट यांना जोडणाऱ्या) सर्टिफिकेटसह. मधलं सर्टिफिकेट सर्व्हरनं पाठवायचं असतं. क्लायंटवर कॉपी करत बसायचं नसतं.
३. हातानं चाचणी घ्या (टप्पा ५).
४. क्लायंटवर नावाची तपासणी एकेक करून चालू करा.
५. जुनं सर्टिफिकेट आणि जुनी सीए सगळ्यात शेवटी काढा.

कनेक्शन पूल (पुन्हा वापरण्यासाठी उघड्या ठेवलेल्या जोडण्यांचा साठा) विसरू नका. तपासणी नव्या जोडणीच्या वेळीच होते. पूलमधल्या उघड्या जोडण्या जुन्याच नियमानं चालत राहतात. दुपारी केलेला बदल नीट वाटतो आणि रात्री पूल ताजा झाला की कोसळतो. बदलानंतर क्लायंट लगेच रीस्टार्ट करा, म्हणजे जे व्हायचं ते तुमच्या डोळ्यांसमोर होईल.

टप्पा ५: हातानं चाचणी

ओपनएसएसएलची ‘एस_क्लायंट’ ही कमांड बहुतेक जण वापरतात आणि बहुतेक जण अर्धवट वापरतात. नुसती ‘-कनेक्ट’ देऊन चालवली तर ती नाव ताडत नाही. शिवाय साखळीत एरर आली तरी ती थांबत नाही, पुढे जाते. ‘व्हेरिफाय रिटर्न कोड: ०’ ही ओळ फक्त साखळीबद्दल बोलत असते.

म्हणून एवढे पर्याय एकत्र द्या: ‘-कनेक्ट’ला पत्ता आणि पोर्ट, ‘-सर्व्हरनेम’ला एसएनआयचं नाव, ‘-व्हेरिफाय_होस्टनेम’ला ताडायचं नाव, ‘-सीएफाइल’ला तुमच्या सीएची फाइल, आणि ‘-व्हेरिफाय_रिटर्न_एरर’. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल किंवा एसएमटीपीसाठी ‘-स्टार्टटीएलएस’ आणि त्या प्रोटोकॉलचं नाव जोडा. नाव जुळलं तर ‘व्हेरिफाइड पीअरनेम’ अशी ओळ दिसते. ती दिसली नाही तर नाव तपासलं गेलेलं नाही.

कोड वाचता यायला हवेत. ६२ म्हणजे नाव जुळलं नाही, ६४ म्हणजे आयपी जुळला नाही. २० किंवा २१ आला तर आधी मधलं सर्टिफिकेट किंवा सीएची फाइल गहाळ आहे का ते पाहा. नावाशी त्याचा संबंध नाही. १० म्हणजे मुदत संपली. या वेगवेगळ्या आजारांवर ‘तपासणी बंद करा’ हा एकच उपाय सुचवणारी उत्तरं जागोजागी सापडतात. कोड वाचला तर त्या वाटेला जायची वेळ येत नाही.

टप्पा ६: प्रत्येक क्लायंटमध्ये चालू करा

*पोस्टग्रेस.* ‘एसएसएलमोड’ची मूळ किंमत ‘प्रिफर’ आहे, तिच्यात तपासणी काहीच नाही. ‘रिक्वायर’ म्हणजे एन्क्रिप्शन हवं, एवढंच. ‘व्हेरिफाय-सीए’ साखळी पाहतं. नाव पाहतं ते फक्त ‘व्हेरिफाय-फुल’. आयपीवरच जोडायचं असेल तर ‘होस्टअॅड्र’मध्ये आयपी आणि ‘होस्ट’मध्ये नाव द्या, जोडणी आयपीवर होते, ताडलं जातं नाव.

*मायएसक्यूएल.* ‘व्हेरिफाय_आयडेंटिटी’ हवं. ‘व्हेरिफाय_सीए’ पुरेसं नाही. सर्व्हर पहिल्यांदा सुरू होताना जी सर्टिफिकेटं स्वतः बनवतो त्यांच्यावर हे चालत नाही, कारण त्यांत तुमचं होस्टनेम नसतं.

*एनजिनएक्स प्रॉक्सी म्हणून.* ‘प्रॉक्सी_पास’मध्ये एचटीटीपीएस लिहिलं म्हणजे तपासणी होते, हा गैरसमज फार पसरलेला आहे. ‘प्रॉक्सी_एसएसएल_व्हेरिफाय’ मुळात बंद असतं. ते चालू करा, ‘प्रॉक्सी_एसएसएल_ट्रस्टेड_सर्टिफिकेट’ द्या, आणि एसएनआयसाठी ‘प्रॉक्सी_एसएसएल_सर्व्हर_नेम’ही चालू करा, तेही बंदच असतं. आणखी एक खाच आहे: ‘अपस्ट्रीम’ गट वापरत असाल तर ताडायचं नाव म्हणून गटाचं नाव धरलं जातं, आतल्या सर्व्हरचं नाही. ‘प्रॉक्सी_एसएसएल_नेम’मध्ये खरं नाव स्वतः लिहा.

*एचएप्रॉक्सी.* ‘व्हेरिफाय रिक्वायर्ड’ आणि ‘सीए-फाइल’ यांनी साखळी झाली. नावासाठी ‘एसएनआय’ लावा. एसएनआय वापरत नसाल तर ‘व्हेरिफायहोस्ट’ हा एकच मार्ग.

*जावा.* एचटीटीपीएसची तयार जोडणी नाव पाहते, पण उघडं ‘एसएसएलसॉकेट’ किंवा ‘एसएसएलइंजिन’ पाहत नाही. ‘एंडपॉइंट आयडेंटिफिकेशन अल्गोरिदम’मध्ये ‘एचटीटीपीएस’ लिहावं लागतं. काफ्कामध्ये याच नावाचं सेटिंग २.० पासून आपोआप चालू असतं. जुन्या कॉन्फिगमधून वाहत आलेली त्याची रिकामी ओळ मात्र ते बंद करते. ती ओळ शोधून काढा.

*पायथन.* ‘क्रिएट_डिफॉल्ट_कॉन्टेक्स्ट’ वापरलं तर दोन्ही तपासण्या चालू असतात. एसएमटीपी-लिब आणि आयमॅप-लिब यांना मात्र तो कॉन्टेक्स्ट स्वतः द्या, त्यांच्यावर सोडू नका. कोडमध्ये ‘चेक_होस्टनेम’ फॉल्स केलेलं कुठे आहे ते शोधा.

*गो.* उघड्या सॉकेटवर टीएलएस चढवताना ‘सर्व्हरनेम’ किंवा ‘इनसिक्युअरस्किपव्हेरिफाय’ यांतलं एक द्या असं लायब्ररी म्हणते. दुसरं टाइप करायला सोपं नाही, तरी लोक तेच निवडतात. त्यानं नाव आणि साखळी दोन्ही जातात. ‘सर्व्हरनेम’ द्या.

*सीमध्ये थेट ओपनएसएसएल.* ‘एसएसएल_सेट१_होस्ट’नं नाव द्या आणि ‘एसएसएल_व्हेरिफाय_पीअर’ही लावा. दुसऱ्याशिवाय पहिलं जोडणी तोडत नाही.

टप्पा ७: मुद्दाम पाडून पाहा

जोडणी झाली, यावरून तपासणी चालू आहे हे कळत नाही. ती बंद असतानाही जोडणी झालीच असती. नको त्या सर्व्हरला क्लायंट नाकारतो का, हे पाहिल्याशिवाय तक्त्यात ‘झालं’ लिहू नका.

सोपा मार्ग असा. क्लायंटच्या होस्ट्स फाइलमध्ये (नाव आणि आयपी यांची त्या यंत्रावरची यादी) एक बनावट नाव खऱ्या सर्व्हरच्या आयपीला जोडा, सर्टिफिकेटमध्ये नसलेलं. मग क्लायंटला त्या नावानं जोडायला सांगा. नकार मिळायला हवा, आणि नकाराचं कारण ‘नाव जुळत नाही’ असंच हवं. एरर पूर्ण वाचा. काही सर्व्हर अनोळखी एसएनआय आला की स्वतःच जोडणी तोडतात. तसं झालं तर तुमच्या क्लायंटची परीक्षा झालेलीच नाही. अशा वेळी त्याच सीएकडून भलत्या नावाचं सर्टिफिकेट काढून चाचणीच्या सर्व्हरवर लावा आणि पुन्हा पाहा.

दुसरी चाचणी उलटी: नाव बरोबर, पण सही अनोळखी सीएची. इथंही नकार हवा.

*सावध:* होस्ट्स फाइलमधली ओळ चाचणी संपताच काढा.

टप्पा ८: क्लायंटची ओळख सर्व्हरनं तपासायची असेल तर

दोन्ही बाजूंनी सर्टिफिकेट असलं, म्हणजे एमटीएलएस, तर सर्व्हरलाही क्लायंट ओळखायचा असतो. इथं होस्टनेमची तपासणी तशीच्या तशी लागू होत नाही, कारण सर्व्हरनं कोणतंही नाव हाक मारलेलं नसतं. आलेल्या आयपीवरून नाव शोधणं टप्पा २ मध्ये नाकारलं तेच. बरोबर रीत अशी: सर्टिफिकेटमधलं नाव वाचायचं आणि कोणत्या नावाला काय परवानगी आहे या यादीशी ताडायचं. पोस्टग्रेसमध्ये १२व्या आवृत्तीपासून ‘क्लायंटसर्ट=व्हेरिफाय-फुल’ हे डेटाबेस युजरच्या नावासाठी करतं. अशी यादी नसेल तर तुमच्या सीएनं सही केलेला प्रत्येक क्लायंट सगळीकडे आत येतो.

टप्पा ९: नूतनीकरणाच्या वेळी

नवं सर्टिफिकेट काढताना जुन्यातली नावं नव्यात आली का, हे यंत्रानंच ताडावं. दुसऱ्यांदा काढताना एखादं जास्तीचं नाव सुटतं, आणि त्या नावानं येणारे दोनच क्लायंट बंद पडतात. सर्टिफिकेट बसवणाऱ्या स्क्रिप्टमध्येच तक्त्यातल्या प्रत्येक नावासाठी ‘-चेकहोस्ट’ घाला. एक जरी नाव जुळलं नाही तर जुनं सर्टिफिकेट जागेवर राहू द्या आणि इशारा पाठवा. मॉनिटरिंगमध्ये मुदतीचे दिवस मोजता तसं टप्पा ५ मधलं पूर्ण पर्यायांचं ‘एस_क्लायंट’ही रोज चालवा. ते क्लायंट जिथून जोडतात त्याच नेटवर्कमधून चालवा, कारण आतून आणि बाहेरून एकाच नावाला वेगवेगळे सर्व्हर उत्तर देत असू शकतात.